नोबेल चोरल्याचा फॉरवर्ड खरा की खोटा? टीआयएफआरच्या पहिल्या महिला संशोधक बिभा चौधुरी यांची गोष्ट

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला गेलात की सरोवराच्या काठावर एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. लाखो वर्षांपूर्वी आकाशातून एक अशनी आला, इथल्या काळ्या बेसॉल्ट खडकावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर तयार झालं. हे विवर बघायला जगभरातून माणसं येतात.

पण आकाशातून खाली येणाऱ्या गोष्टी तिथे संपत नाहीत. हे वाचता वाचता एक हात आडवा, तळवा वर करून धरा. दर मिनिटाला साधारण शंभर कण त्या तळव्यातून आरपार जातायत. ते दिसत नाहीत आणि टोचतही नाहीत. तुम्ही मेहकरला असा, खामगावला असा नाहीतर मुंबईच्या लोकलमध्ये, हा पाऊस रात्रंदिवस सुरूच असतो.

हे कण नेमके कसले, त्यांचं वजन किती, हे शोधण्यासाठी १९३०च्या दशकाच्या शेवटी एका भारतीय तरुणीच्या प्लेट दार्जिलिंगपासून तिबेटपर्यंत पोहोचल्या. त्या तरुणीचं नाव बिभा चौधुरी. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रुजू झालेल्या त्या पहिल्या महिला संशोधक.

सोशल मीडियावर त्यांच्याबद्दल एक पोस्ट अधूनमधून फिरत असते. ‘भारताच्या या लेकीने शोध लावला आणि नोबेल मात्र एका इंग्रजाने पळवलं,’ असा तिचा सूर असतो. वाचून राग येतो, बोट आपोआप शेअरच्या बटणाकडे जातं.

पण ही गोष्ट खरी आहे का? थोडी आहे, थोडी नाही. आणि जो भाग या पोस्टमध्ये कधीच येत नाही, तोच खरा महत्त्वाचा आहे.

आधी हे समजून घेऊ: हा अदृश्य पाऊस येतो कुठून?

अंतराळातून पृथ्वीवर सतत प्रचंड वेगाने कण येत असतात. त्यात बहुतेक प्रोटॉन असतात. त्यांना कॉस्मिक किरण किंवा वैश्विक किरण म्हणतात. नाव किरण असलं तरी हे कणच.

हे कण वातावरणात खूप उंचावर हवेच्या अणूंवर आदळतात. त्या टकरीतून नवे कण निघतात, ते पुढे आणखी आदळतात आणि कणांचा एक झोतच तयार होतो. या टकरीत पायॉन नावाचा कण जन्माला येतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या एक कोट्यांश भागापेक्षाही कमी. तो मोडतो आणि त्यातून म्युऑन नावाचा कण निघतो. म्युऑन मात्र जरा जास्त टिकतो आणि जमिनीपर्यंत पोहोचतो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो. तुमच्या तळहातातून जातायत ते बहुतेक हेच.

आज हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. १९३५ मध्ये नव्हतं. त्या वर्षी जपानच्या हिदेकी युकावा यांनी कागदावर गणित करून सांगितलं, की अणूचं केंद्रक एकत्र धरून ठेवणारा एक कण असला पाहिजे आणि तो इलेक्ट्रॉनच्या साधारण २०० पट जड असावा. पुढच्या दीड-दोन वर्षांत अमेरिकेत अँडरसन आणि नेडरमेयर यांना कॉस्मिक किरणांमध्ये तेवढ्याच वजनाचा कण सापडला. सगळ्यांना वाटलं, हाच युकावांचा कण. त्याला तेव्हा ‘मेसोट्रॉन’ म्हणत.

घोळ इथेच होता. तो युकावांचा कण नव्हताच. तो होता म्युऑन. युकावांचा खरा कण, म्हणजे पायॉन, अजून कुणालाच दिसला नव्हता. बिभा चौधुरी या क्षेत्रात आल्या त्या नेमक्या याच गोंधळाच्या काळात.

‘बाईसाठी आमच्याकडे काम नाही’

बिभा यांचा जन्म १९१३ मध्ये कोलकात्यात झाला. वडील डॉक्टर, आईचं घराणं ब्राह्मो समाजातलं. म्हणजे मुलींनी शिकावं असं मानणारं घर. १९३६ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एमएससी केलं. त्या वर्षीच्या तुकडीत त्या एकट्याच मुलगी होत्या.

त्यांना संशोधन करायचं होतं देबेंद्र मोहन बोस यांच्याकडे. हे जगदीशचंद्र बोस यांचे भाचे आणि स्वतः नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ. बिभा यांच्या चरित्रात लिहिलंय, की बोस यांनी सुरुवातीला त्यांना टाळलं. बाईला देण्यासारखा विषय आपल्याकडे नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बिभा हटल्या नाहीत आणि शेवटी त्यांना प्रवेश मिळाला.

मराठी वाचकांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. १९३३ मध्ये मुंबईच्या कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी कमलाबाईंना बाई म्हणून नकार दिला. कमलाबाई अडून बसल्या, मग अटी घालून प्रवेश मिळाला. त्याच कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजमधून जीवरसायनशास्त्रात पीएचडी मिळवली.

कोलकाता आणि बंगळुरू, दोन शहरं, दोन मोठे शास्त्रज्ञ. दोघीही गुणवत्तेत कमी नव्हत्या. तरी आत जाण्याआधी दोघींना दारातच भांडावं लागलं.

काचेची प्लेट घेऊन डोंगरावर

१९३८ मध्ये देबेंद्र मोहन बोस कोलकात्याच्या बोस संस्थेचे संचालक झाले. बिभा त्यांच्याबरोबर तिथे गेल्या. दोघांनी कॉस्मिक किरणांचा अभ्यास सुरू केला.

परदेशात या कामासाठी महागडे क्लाउड चेंबर वापरले जात होते. या दोघांनी स्वस्तातला मार्ग निवडला. तो म्हणजे फोटोग्राफीची काचेची प्लेट.

हे काम कसं चालतं? जुन्या कॅमेऱ्याच्या प्लेटवर चांदीच्या क्षाराचा थर असतो. प्रकाश पडला की तो थर बदलतो आणि फोटो उमटतो. प्रकाशाऐवजी विद्युतभारित कण या थरातून गेला, तर त्याच्या वाटेवर चांदीचे बारीक बारीक दाणे तयार होतात. प्लेट धुतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली की ठिपक्यांची एक ओळ दिसते. तीच त्या कणाची पायवाट.

ठिपके दाट असतील तर कण सावकाश गेला किंवा जड होता. विरळ असतील तर तो वेगवान होता. वाट जास्त वाकडीतिकडी असेल तर कण हलका. दाण्यांमधलं अंतर आणि वाटेचा वाकडेपणा, या दोन गोष्टी मोजून कणाचं वस्तुमान काढता येईल, ही बोस आणि चौधुरी यांची कल्पना.

प्लेट ठेवायची मात्र उंचावर. खाली येईपर्यंत बरेचसे कण हवेतच संपतात, म्हणून जितकं वर जावं तितकं चांगलं. म्हणून प्लेट गेल्या दार्जिलिंगला, सुमारे ७,००० फुटांवर. मग सांदकफूला, सुमारे १२,००० फुटांवर. आणि तिथून तिबेटमधल्या फरी जोंगला, १४,००० फुटांच्याही वर. काही प्लेट उघड्या हवेत, काहींवर पाण्याचं किंवा इतर पदार्थांचं आवरण. कित्येक महिने त्या तशाच ठेवायच्या, मग परत आणायच्या, धुवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक ठिपका मोजायचा.

हे काम वेळखाऊ आणि डोळे शिणवणारं होतं. पण १९४० ते १९४२ या काळात या दोघांचे निबंध ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. त्यांनी काढलेलं मेसोट्रॉनचं सरासरी वस्तुमान होतं इलेक्ट्रॉनच्या साधारण २०० पट. म्युऑनचं आज मान्य असलेलं वस्तुमान आहे सुमारे २०७ पट. साध्या काचेच्या प्लेटवर त्या इतक्या जवळ पोहोचल्या होत्या.

मग अडलं कुठे?

अडलं ते प्लेटपाशी.

त्यांच्याकडे होत्या त्या ‘हाफटोन’ प्रकारच्या प्लेट. त्यातला थर फारसा संवेदनशील नव्हता. वेगवान कणाची वाट त्यात नीट उमटायची नाही. यापेक्षा चांगल्या प्लेट हव्या होत्या. पण तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं. चांगल्या प्लेट ब्रिटनमध्ये तयार होत आणि युद्धाच्या काळात त्या कोलकात्यापर्यंत येणं शक्य नव्हतं. काम तिथेच थांबलं.

युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये इलफर्ड कंपनीने खास या कामासाठी नव्या प्लेट बनवल्या. त्यात चांदीचा क्षार कितीतरी जास्त होता. त्या मिळाल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या सेसिल पॉवेल यांच्या गटाला. त्यांनी त्या फ्रान्समधल्या पिक दू मिदी शिखरावर आणि दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियाच्या चाकाल्ताया पर्वतावर ठेवल्या.

१९४७ मध्ये त्या प्लेटवर एक गोष्ट स्पष्ट दिसली. एक कण येतो, थांबतो आणि त्याच ठिकाणाहून दुसरा, थोडा हलका कण निघतो. म्हणजे दोन वेगळे कण आहेत. पहिला पायॉन, इलेक्ट्रॉनच्या सुमारे २७३ पट जड. दुसरा म्युऑन. बारा वर्षांचा गोंधळ एका फोटोने मिटवला. १९५० मध्ये पॉवेल यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

नोबेल देताना जे कारण नोंदवलं गेलं त्यात दोन गोष्टी होत्या. एक, फोटोग्राफीच्या पद्धतीचा विकास. दुसरी, त्या पद्धतीने लावलेले मेसॉनचे शोध. वाद सुरू होतो तो यातल्या पहिल्या गोष्टीवरून.

या गोष्टीत आणखी एक बाई आहे, आणि मेक्सिकोही

ही पद्धत मुळात पॉवेल यांची नव्हती. बोस-चौधुरींचीही नव्हती. त्याआधी अनेक वर्षं व्हिएन्नात मारिएटा ब्लाऊ नावाची एक शास्त्रज्ञ प्लेटवर कणांच्या वाटा टिपायची पद्धत घडवत होती. १९३७ मध्ये तिने आणि सहकारी हेर्टा वामबाखर यांनी आल्प्समध्ये इन्सब्रुकजवळच्या डोंगरावर पाच महिने प्लेट ठेवल्या. त्यावर एकाच बिंदूतून अनेक दिशांना फुटलेल्या रेषा दिसल्या. कॉस्मिक किरणाने अणूच्या केंद्रकाचे केलेले ते तुकडे होते. कॉस्मिक किरणांसाठी प्लेट वापरता येतात, हे जगाला पटलं ते या कामामुळे.

पुढच्याच वर्षी नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतला. ब्लाऊ ज्यू होत्या. त्यांना देश सोडावा लागला. आईनस्टाईन यांच्या शिफारशीमुळे त्यांना मेक्सिको सिटीत शिकवायची नोकरी मिळाली. जीव वाचला, पण तिथे संशोधनाची साधनं जवळपास नव्हती. ज्या काळात त्यांचं क्षेत्र सगळ्यात वेगाने पुढे जात होतं, त्या काळात त्या प्रयोगशाळेपासून लांब होत्या. १९४४ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. श्रोडिंगर यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. मिळालं नाही.

म्हणजे एकाच पद्धतीवर काम करणाऱ्या दोन बायका. एकीला युद्धामुळे चांगल्या प्लेट मिळाल्या नाहीत, दुसरीला युद्धामुळे प्रयोगशाळाच सोडावी लागली. ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेतही सूक्ष्मदर्शकाखाली प्लेट तपासण्याचं काम मोठ्या प्रमाणात तरुण मुलीच करायच्या. नाव मात्र त्यांच्यापैकी फारसं कुणाचं झालं नाही.

मँचेस्टर आणि मग मुंबई

बिभा थांबल्या नाहीत. १९४५ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि मँचेस्टर विद्यापीठात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. ब्लॅकेट यांना १९४८ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे कॉस्मिक किरणांच्या बाबतीत ती जगातली आघाडीची प्रयोगशाळा होती.

तिथे बिभा यांचा विषय होता कणांचे ते विस्तीर्ण झोत. एका कॉस्मिक किरणाच्या टकरीतून तयार होणारे आणि मोठ्या परिसरात एकाच वेळी जमिनीवर पडणारे. १९४९ मध्ये त्यांनी पीएचडीचा प्रबंध सादर केला. तिथल्या एका वर्तमानपत्राने त्यांची मुलाखतही छापली. भौतिकशास्त्रात बायका इतक्या कमी आहेत ही शोकांतिका आहे, असं त्या त्यात म्हणाल्या होत्या.

त्याच सुमारास होमी भाभा मुंबईत आपली संस्था उभी करत होते. टीआयएफआर १९४५ मध्ये सुरू झाली होती आणि १९४९ मध्ये ती पेडर रोडवरच्या बंगल्यातून गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आली. आज कुलाब्याला समुद्राकाठी दिसते ती मोठी इमारत खूप नंतरची.

भाभा स्वतः कॉस्मिक किरणांमधले जाणकार. त्यांनी बिभा यांना संस्थेत घेतलं. १९४९ मध्ये रुजू झालेल्या बिभा या टीआयएफआरच्या पहिल्या महिला संशोधक ठरल्या. १९५७ पर्यंत त्या मुंबईत होत्या.

पुढे काय झालं?

मुंबईनंतर त्या अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेशी जोडल्या गेल्या. ही विक्रम साराभाईंची संस्था. या काळात त्यांनी कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत चाललेल्या प्रयोगांमध्येही भाग घेतला.

सोन्याच्या खाणीत कॉस्मिक किरणांचं काय काम, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर सोपं आहे. जमिनीखाली जितकं खोल जावं, तितके बाकीचे कण वरच्या खडकात अडकतात. उरतात ते फक्त सगळ्यात भेदक. डोंगराच्या माथ्यावर सुरू झालेला बिभा यांचा शोध असा जमिनीच्या पोटापर्यंत पोहोचला.

त्यांच्या चरित्रकारांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. माउंट अबूला एक नवा प्रयोग उभा करण्याची बिभा यांची योजना होती. १९७१ च्या शेवटी साराभाईंचं अचानक निधन झालं आणि ती योजना पुढे सरकली नाही. बिभा यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्या कोलकात्याला परतल्या. तिथेही त्यांनी संशोधन सोडलं नाही. १९९१ मध्ये त्यांचं निधन झालं, तोपर्यंत त्यांचे निबंध प्रसिद्ध होत होते.

पन्नासहून जास्त वर्षांची कारकीर्द. पण देशातला कुठलाही मोठा पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही. राजिंदर सिंग आणि सुप्रकाश रॉय यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं ते २०१८ मध्ये. म्हणजे त्या गेल्यानंतर २७ वर्षांनी.

तर मग, फॉरवर्ड खरा की खोटा?

आता एकेक दावा बघू.

दावा १: पायॉनचा शोध बिभा यांनी लावला. हे बरोबर नाही. त्यांच्या प्लेटवर पायॉनच्या वाटा उमटल्या असण्याची शक्यता आहे, कारण त्या बऱ्याच उंचीवर ठेवल्या होत्या. पण दोन कण वेगळे ओळखता येतील इतक्या त्या प्लेट चांगल्या नव्हत्या. पायॉन मोडून म्युऑन निघतो हे त्यांना दाखवता आलं नव्हतं. ते १९४७ मध्ये ब्रिस्टलच्या गटाने दाखवलं.

दावा २: पॉवेल यांनी त्यांची पद्धत चोरली. याला आधार नाही. पॉवेल १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतः प्लेटवर काम करत होते. शिवाय १९५९ मध्ये सहकाऱ्यांसोबत लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी बोस आणि चौधुरी यांच्या १९४१ च्या कामाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. चोरी करणारा असा उल्लेख करत नाही.

दावा ३: प्लेटवरून मेसॉनचं वस्तुमान मोजायची कल्पना बिभा आणि बोस यांनी पॉवेल यांच्या आधी मांडली. हे खरं आहे. ‘नेचर’चे अंक त्याला साक्षी आहेत.

दावा ४: त्या भारतातल्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ. नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल, जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी अशी त्यांच्या आधीची आणि त्यांच्याच काळातली नावं आहेत. बिभा या देशातल्या अगदी सुरुवातीच्या महिला भौतिकशास्त्रज्ञांपैकी एक आणि टीआयएफआरच्या पहिल्या महिला संशोधक. एवढं पुरेसं मोठं आहे. त्यात भर घालायची गरज नाही.

‘चोरलं’ म्हटल्याने काय बिघडतं?

कुणी म्हणेल, थोडं वाढवून सांगितलं तर काय झालं? निदान नाव तरी पोहोचतंय.

बिघडतं ते असं. ‘इंग्रजाने पळवलं’ म्हटलं की दोषी सापडतो, तोही परदेशी आणि कधीच हयात नसलेला. मग आपल्याला स्वतःकडे बघावं लागत नाही.

पण बिभा यांच्या वाटेत आलेले अडथळे एकेक करून मोजा. पहिला, प्रवेशाच्या वेळी ‘बाईला देण्यासारखं काम नाही’ हे उत्तर. ते कोलकात्यातलं. दुसरा, चांगल्या साधनांचा अभाव. तो युद्धाचा आणि गुलामीचा. तिसरा, ठरवलेला प्रयोग मंजूर न होणं. तेव्हा देश स्वतंत्र होऊन २४ वर्षं झाली होती. चौथा, आयुष्यभर कुठला मोठा सन्मान न मिळणं. तोही स्वतंत्र भारतातला.

आणि पाचवा अडथळा तर अगदी साधा, नावाच्या स्पेलिंगचा. ‘नेचर’मधल्या निबंधांवर त्यांचं नाव ‘बिवा’ असं छापलंय. पुढे ते ‘बिभा’ झालं. आडनावही इंग्रजीत वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलं गेलं. मराठीत तर त्यांना कुणी ‘विभा चौधरी’ही लिहितं. एका व्यक्तीचं काम असं तीन-चार नावांखाली विखुरलं की शोधणाऱ्याला ती सापडतच नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या कितीतरी संशोधक बायकांची अडचण हीच आहे.

यातल्या एकाही अडथळ्यावर नोबेल हा इलाज नाही. इलाज आहे प्रवेश, साधनं, प्रयोगाला मंजुरी आणि नीट नोंद. पुण्यात जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांनी हेच ओळखलं होतं. त्यांनी राम रामस्वामी यांच्यासोबत २००८ मध्ये ‘लीलावतीज् डॉटर्स’ हे पुस्तक संपादित केलं आणि भारतातल्या महिला शास्त्रज्ञांच्या गोष्टी एकत्र आणल्या. आपल्याआधी कुणीतरी या वाटेने गेलंय, हे मुलींना कळायला हवं म्हणून.

आकाशातलं नाव

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेला १०० वर्षं झाली. त्या निमित्ताने प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याच्या ग्रहाला नाव द्यायची संधी मिळाली. मेक्सिकोने आपल्या ताऱ्याला तिथल्या तळ्यात राहणाऱ्या प्राण्याचं, ‘अक्सोलोत्ल’चं नाव दिलं. भारताच्या वाट्याला आला एचडी ८६०८१ हा तारा.

देशभरातून सूचना मागवण्यात आल्या. सुरतच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने ताऱ्यासाठी ‘बिभा’ हे नाव सुचवलं. बंगालीत त्याचा अर्थ प्रकाशाची तेजस्वी रेघ. ग्रहासाठी ‘संतमस’ हे संस्कृत नाव सुचवलं पुण्याच्या एका शाळकरी मुलाने. दोन्ही निवडली गेली. संतमस हा गुरूपेक्षाही जड ग्रह आहे आणि तो ताऱ्याभोवती अवघ्या दोन दिवसांत एक फेरी मारतो.

हा तारा सुमारे ३४० प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे आज आपल्यापर्यंत पोहोचणारा त्याचा प्रकाश साधारण संभाजी महाराजांच्या काळात निघालेला. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंच्या नातवाच्या काळात.

तो बघता येतो का? नुसत्या डोळ्यांनी नाही. पण छोटी दुर्बीण असेल आणि आकाश काळंभोर असेल, तर येतो. एप्रिलच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास डोक्यावर जवळपास मघा हा ठळक तारा असतो. हात लांब करून मूठ धरा. मघापासून दक्षिणेकडे साधारण दीड मूठ खाली या. तिथे षडंश नावाचा फिका तारकासमूह आहे. बिभा त्यातच. नकाशाचं ॲप सोबत असलं तर शोधणं सोपं जातं.

बुलढाण्यातल्या मुलीला यातून काय?

लोणारपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला रेडिओ दुर्बिणी आहेतच. आणि ज्या कणांच्या झोतांवर बिभा यांनी प्रबंध लिहिला, त्यांचा अभ्यास टीआयएफआर आजही उटीच्या ‘ग्रेप्स-३’ प्रयोगात करते.

म्हणजे आकाशाचा अभ्यास आता लंडन-पॅरिसला जाऊनच करायची गोष्ट राहिलेली नाही. लोणार किंवा मेहकरच्या शाळेतल्या मुलीसाठी ती जवळच्याच जिल्ह्यात येऊ घातली आहे. प्रश्न एवढाच आहे, की तिच्या शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा उघडी असते की कुलूपबंद. बारावीनंतर भौतिकशास्त्र घेते म्हणाली, तर घरचे काय म्हणतात. आणि ती दारात आली, तर आतला माणूस १९३० च्या दशकातलंच उत्तर देतो का.

बिभा चौधुरी यांना नोबेल मिळायला हवं होतं का, यावर वाद होत राहील. त्यांना वेळेवर चांगल्या प्लेट मिळायला हव्या होत्या, यावर मात्र वाद व्हायचं कारण नाही. पुढच्या वेळी तो फॉरवर्ड आला, तर ‘चोरलं’ हा शब्द काढा आणि काचेच्या प्लेटची गोष्ट घालून पुढे पाठवा.